कुठे पाणी मुरतं

मिलवॉकीच्या दक्षिण भागात, टॅमरॅक रस्त्याच्या तोंडाशी
व्हॅनचं दार अर्धं ओढून मी पडद्यासमोर बसतो,
आणि मॅनहोलमधून सोडलेला कॅमेरा
चार चाकांवर, कपाळाला दिवा लावून,
एकोणीसशे अकरा सालच्या अंधारात निघतो.

भाजल्या मातीचा पाइप. खापरीच म्हणा.
बारा फुटांवर तडा.
एकतीस फुटांवर सांधा सुटलेला.
सत्तेचाळीसवर मुळं,
वर फुटपाथवर सावली धरतो त्याच मेपलची,
पांढरी, बारीक,
प्रवाहाच्या दिशेने कुणी विंचरून ठेवल्यासारखी.
मी बटण दाबून नोंद करतो.
माझ्या नोंदवहीत झाड हा एक दोष असतो.

बाकी दोष नाव घेण्याजोगा नाही.
पाऊस मातीत मुरतो, माती तड्यात पाझरते,
पाइप भरतो, आणि मग सगळ्यांचं सगळं
मागे फिरून तळघराच्या जाळीतून वर येतं.
उरलेलं तळ्याकडे जातं, जिथे आपण पोहतो.

मागच्या पुरानंतर शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली.
पालिका म्हणाली, पाऊसच जास्त.
रहिवासी म्हणाले, पालिकाच कमी.
एकाने मेपलचंही नाव घेतलं.
खापर फोडायला सगळे डोकं शोधत होते,
आणि ते तर केव्हाचंच फुटून पडलेलं,
नऊ फूट खाली.

शेवटी चुए लोरची टोळी आली.
थंड ट्रकमधून राळेत भिजलेली नमद्याची पिशवी,
तीनशे फूट लांब, काढली,
आणि उशीचा अभ्रा उलटा करावा तशी
पाण्याच्या दाबाने जुन्या पाइपात उलटत नेली.
मग कढत पाणी. मग वाट बघणं.
गोंदासारखा वास गल्लीभर.
"नेलपॉलिश," गेनोवेफा माचोवेक ओट्यावरून म्हणाली,
"चौऱ्याहत्तरनंतर मी लावलेलं नाही,
आणि आज घरभर."
आठ ते चार नळ सोडू नका, असं दारोदार लिहून दिलं होतं,
म्हणून ती न्याहारीच्या बशा पिशवीत घालून
चर्चच्या मोरीत धुवायला गेली. चालत.

आता पाइपात पाइप. काचेसारखा गुळगुळीत.
पण घरांची तोंडंही त्यानेच बुजवलेली,
ती आतून एकेक कापून उघडायची.
कातरणारं यंत्र लवेल चालवतो, जागा मी सांगतो.
बहुतेक ठिकाणी खळगा दिसतो, गालावर पडते तशी खळी.
गेनोवेफाच्या घराला खळी पडलीच नव्हती.
जुनी फिल्म मी सहा वेळा मागे-पुढे केली:
त्र्याऐंशी फूट चार इंच, घड्याळातल्या दोनच्या जागी.
"नक्की?" लवेलने विचारलं.
नक्की, म्हणालो. पाय थरथरत होते, ते व्हॅनमध्ये कुणाला दिसत नाहीत.
पातं फिरलं. भुगा उडाला.
आणि काळ्या वर्तुळातून
तिच्या न्हाणीचं साबणाचं पाणी आलं,
निमूट, एका धारेत.

जूनच्या अठरा तारखेला रात्री
दोन तासांत साडेतीन इंच कोसळला.
मी घरी होतो, झोपलो नाही.

सकाळी तिच्याकडे गेलो. कामाचं निमित्त होतं, वहीही होती.
ती मला तळघरात घेऊन गेली.
तिथे नवऱ्याचा अकॉर्डियन, पेटीसकट,
चार-चार विटांच्या चार खांबांवर.
रात्रभर ती पायरीवर बसली होती,
मांडीवर टॉर्च, नजर जाळीवर.
"घोरत होती," ती म्हणाली, "जाळी.
दोनदा खाकरली. वर काही आलं नाही."

फरशी कोरडी. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं शाबूत.
मी वहीत लिहिलं, तुंबलं नाही.
मुळं पुन्हा शिरतील का, तिने विचारलं.
पाइपात नाही, म्हणालो, पण घराकडून येणारी नळी जुनीच आहे,
ती तुमची, पालिकेची नाही.
"म्हणजे कुठेतरी मुरणारच," ती हसली.

मग वाकून, गुडघ्याला हात देत,
तिने प्रत्येक खांबाची एकेक वीट काढली.
पेटी मी उचलून धरली होती. जड होती.
तीन-तीन राहू दिल्या.
"पुढच्या पावसानंतर ये," म्हणाली,
"बाकीच्यांचं तेव्हा बघू."